अकोल्यातली माझी पेढी

‘सर, तुमची अकोल्याची पेढी कशी चालली?’ करसल्लागारानं संगणकावरची नजर न काढता विचारलं आणि मी म्हणालो, ‘बरी चालली.’

ज्याचं अकोल्यात काय, बडनेऱ्याच्या पुढे कुठेच काही नाही, असा माणूस असं का म्हणेल? सांगतो. आमच्या घराण्याला एक खोड आहे. कोणी अदबीनं काही विचारलं की आधी ‘बरं आहे’ म्हणून टाकायचं आणि मग प्रश्न काय होता ते आठवत बसायचं. गुडघा कसा आहे? बरा आहे. यंदा संत्र्याचा बहार कसा? बरा आहे. त्या ओघात पेढीही बरी चालली. शिवाय माझं अर्धं लक्ष बाहेर लावलेल्या स्कूटरकडे होतं. तिचं स्टँड घसरतं.

‘लोखंडाला सध्या भाव चांगला आहे म्हणतात,’ तो म्हणाला.

‘चांगला म्हणजे काय, चांगलाच आहे.’

त्यानं खटाखट काहीतरी टाइप केलं. ‘मग हे धंद्याचं उत्पन्न धरावं लागते, सर. अन् हे धरलं की पोरीचं नॉन-क्रिमिलेअर विसरा.’

तेव्हा कुठे माझ्या डोक्यातली स्कूटर पडली.

मी अमरावतीत शाळेत भूगोल शिकवतो. मोर्शीकडे वडिलांच्या वाटणीतून आलेली थोडी संत्र्याची झाडं आहेत. बस. मुलगी बारावी झालेली, आणि तिला गुरांची डॉक्टर व्हायचंय. हे खूळ तिनं कुठून आणलं देव जाणे; शेजारची बकरी अडली तेव्हा ही प्रिलिमचा अभ्यास सोडून रात्रभर तिच्या उशाशी बसली आणि सकाळी दोन करडं होऊनच घरी आली. मार्क बरे पडले होते. राखीव गटातून अकोल्याला जागा मिळेल असं दिसत होतं, पण त्यासाठी नॉन-क्रिमिलेअरचा दाखला हवा. त्या दाखल्यात पगार आणि शेती धरत नाहीत. त्याखेरीज मोठं उत्पन्न असलं की मात्र दाखला नाही. माझ्याकडे त्याखेरीज काहीच नसल्यानं मी निर्धास्त होतो. दाखल्याच्या अर्जाला जोडायला आयकराचं विवरणपत्र हवं म्हणाले, म्हणून या करसल्लागाराकडे आलो होतो.

त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. माझं नाव. माझ्या वडिलांचं नाव. माझा पॅन. भंगार लोखंडाचा घाऊक व्यापार, जुने शहर, अकोला. आणि उलाढालीचा आकडा असा की तो वाचताना माझी मान या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. खोटं कशाला सांगू, एक क्षण मला छान वाटलं. एवढ्या शून्यांच्या मागे आपलं नाव मी पहिल्यांदाच पाहत होतो.

‘हे मी नाही,’ मी म्हणालो.

‘आत्ताच तर म्हणाले, बरी चालली!’

‘तो मी होतो. पण हे मी नाही.’

त्यानं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. ‘सर, कोणी तरी तुमच्या नावानं पेढी उघडली आहे. माल-बिल काही नसते. नुसती खोटी बिलं फाडतात अन् पळतात. कोणाले कागदं दिली होती?’

‘कोणालाच नाही,’ मी ठामपणे म्हणालो. हा ठामपणा घरी पोचेपर्यंत टिकला.

बायको ओट्याशी मिरच्या वाटत होती.

‘अवं, ऐकलं का? अकोल्यात आपली पेढी निघाली.’

‘कायची?’

‘भंगाराची.’

‘मंग गच्चीवरचा तुमचा कूलर आधी तिकडे नेऊन टाका,’ ती म्हणाली आणि पुन्हा वाटायला लागली. मग मी सगळं सांगितलं, तसा वरवंटा थांबला. मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आली. तिनं एकच विचारलं.

‘बाबा, मंग माझं नॉन-क्रिमिलेअर?’

या वेळी ‘बरं आहे’ही तोंडातून निघेना.

‘आधार कोनाले देलं होतं?’ बायकोनं विचारलं.

‘कोणालाच नाही.’

‘आठवा.’

मी आठवलं. आणि आठवलं तसं मी ओट्यापासून दोन पावलं मागे सरकलो, कारण ती जागा तिच्याच माहेरच्या लग्नाची होती.

गेल्या हिवाळ्यात धामणगाव रेल्वे या गावी, बायकोच्या माहेरी, तिच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. आता आमच्याकडे जावई हा एकट्या सासऱ्याचा नसतो, अख्ख्या गावाचा असतो. बायकोच्या गावचा कोणीही माणूस, म्हातारा असो की मिसरूड फुटलेला, ‘जवाईबापू’ म्हणून हाक मारतो, आणि ती हाक आली की आपण पाठ ताठ करायची आणि तो म्हणेल त्याला मान हलवायची. ‘तू कोणाचा रे?’ असं जावयानं विचारायचं नसतं. विचारलं तर ‘जवायाले गावचे मानसं वळखू येत नाई’ ही बातमी जेवणाच्या पंगतीआधी सासूबाईंपर्यंत पोचते.

तर अक्षता पडल्या, आम्ही जावई मंडळी गादीवर लोडाला टेकलो, आणि एक इस्त्रीच्या शर्टातला माणूस लॅपटॉपची बॅग घेऊन आला. त्याच्या केसांत अक्षता अडकल्या होत्या. केसांत अक्षता असलेल्या माणसावर कोण संशय घेईल?

‘जवाईबापू, शेतकरी वळखपत्र काढलं काय?’

‘नाही अजून. मोर्शीला फार मोठी रांग असते.’

‘आता घ्या! आमच्या गावच्या जवायानं रांगीत उभं रायाचं? आमची इज्जत काय रायली मंग?’

झालं. मी आधार काढून दिलं. त्यानं म्हटलं, पॅन असंल तर तेही द्या. मी तेही दिलं. त्यानं फोन माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाला, डोळे मिचकवा, मी मिचकवले. माझ्या फोनवर आकडे आले, ते वाचून दाखवा म्हणाला. ते मी वर्गात मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवले. शेजारचे दोन जावई ‘आमचंही करा’ म्हणून सरकून बसले. सासरचे लोक त्याला मुलाकडचा समजले, मुलाकडचे लोक त्याला आमच्याकडचा समजले, आणि तो वांग्याची भाजी दुसऱ्यांदा वाढून घेऊन निघून गेला.

हे सगळं ऐकून माहेरच्या मंडळींना नावं ठेवावीत की मला, हा पेच बायकोला पडला असावा. शेवटी तिनं दोघांनाही सोडलं आणि मुलीला म्हणाली, ‘तू फोन घे. काय काय बंद करता येते ते आधी बंद कर.’

आणि मग आमच्या घरात जी धांदल उडाली! मुलीनं सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, तक्रारीचा नंबर आला. आधारवरचे माझे बोटांचे ठसे आणि डोळे तिनं कुलूपबंद केले. आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत हे पाहायची सोय असते हे मला माहीतच नव्हतं; पाहिलं तर एक माझ्या ओळखीचं नव्हतं. ‘हा नंबर माझा नाही’ असं तिनं लगेच कळवलं. मी नुसता तिच्या खुर्चीमागे उभा राहून ‘हे दाब, ते दाब’ करत होतो. खरं सांगायचं तर मला चेव चढला होता. इतकी वर्षं मी वर्गात नद्यांची खोरी शिकवतोय. माझ्या आयुष्यात कोणी तोतया येईल एवढी माझी योग्यता असेल असं मला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अमरावतीतल्याच एका पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदारानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘पेढी अकोल्यात ना? मंग तिकडेच जा ना, सर.’ मी घरी येऊन हे सांगितलं. बायकोनं पदर खोचला. ‘चला अकोल्याले. माहा भाऊ काय कामाचा हाय मंग?’

इथे मला थोडं मागे जावं लागतं. माझा साळा अकोल्याच्या कोर्टात वकील आहे. हळदीच्या अंगानं मी पहिल्यांदा सासरी गेलो तेव्हापासून मी त्याला प्रत्येक भेटीत एकच प्रश्न विचारत आलोय: ‘काय वकीलसाहेब, पक्षकार भेटला काय?’ भाऊबीजेला विचारलं, बारशाला विचारलं, त्याच्या स्वतःच्या लग्नात बोहल्यावर विचारलं. तो दर वेळी हसतो. तो का हसतो हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही तिघं एसटीतून उतरून कोर्टाच्या आवारात शिरलो, तर तो कडुलिंबाखाली टेबल टाकून बसलेला. मला पाहून त्यानं आजूबाजूच्या सगळ्या वकिलांना ऐकू जाईल असं म्हटलं,

‘या भाऊजी! भेटला पक्षकार!’

काय करणार? बसलो. पण मी सांगायला लागलो आणि त्याचा चेहरा बदलला. त्याच्या डोळ्यांत अशी चमक आली की जणू पुरणपोळीचं ताट समोर आलंय.

‘भाऊजी, हे ओळखचोरीचं मॅटर आहे. आयटी ॲक्ट, सहासष्ट सी! तुमची ओळख दुसऱ्यानं लबाडीनं वापरली. त्याच्यावर सहासष्ट डी, तोतया बनून फसवणूक. वरून न्याय संहिता, बनावट कागदपत्रं. तीन वर्षांपर्यंतची शिक्षा तर नुसत्या पहिल्या कलमाले आहे!’

‘मला?’

‘तुमाले कायची? त्याले!’

मी रुमालानं कपाळ पुसलं. ‘पण तिकडचे म्हणाले, अकोल्यात जा. इकडचे म्हणतील, अमरावतीत जा.’

‘म्हणू द्या. हद्द कोणाची हे मागून पायतात. आधी गुन्हा नोंदवतात, मग तो त्या-त्या ठाण्यात पाठवतात. नवीन कायद्यात तसं लिहूनच ठेवलं आहे. अन् नाही नोंदवला तर एसपी साहेबाले लेखी द्याचं. तिथंही नाही झालं...’ इथे तो खुर्चीत पुढे सरकला, ‘तर मॅजिस्ट्रेटसमोर अर्ज! मी स्वतः उभा रायतो!’

त्याचा तो उत्साह पाहून मला वाटलं, पोलिसांनी तक्रार घेऊ नये अशीच त्याची इच्छा आहे. आणि मी तरी कोण मोठा शहाणा! मलाही ते मॅजिस्ट्रेटचं ऐकून गुदगुल्या व्हायला लागल्या. आम्ही दोघं साळे-भाऊजी तिथे बसून भरपाईपर्यंत पोचलो. त्यासाठी मुंबईला वेगळा अधिकारी असतो, त्याच्याकडे वेगळा अर्ज करता येतो, हे त्यानं सांगितलं आणि मी विचारलं, मुंबईला जायचं तर रात्रीची गाडी बरी की दिवसाची.

‘मामा,’ मुलगी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. ‘मले भरपाई नाही पायजे. मले दाखला पायजे. प्रवेशाची कागदं तपासायची शेवटची तारीख सोमवार आहे.’

त्या दिवशी गुरुवार होता. मुंबईची गाडी तिथेच थांबली. बायकोनं डब्यातली पोळी-भाजी काढून भावासमोर ठेवली, माझ्यासमोर नाही, आणि तेच जास्त लागलं.

साळ्यानं दोन घास खाल्ले आणि तो खरा वकील झाला. ‘बरोबर आहे पोरीचं. चोर सापडन तवा सापडन. दाखल्यासाठी आपल्याले एवढंच दाखवाचं आहे की पेढी तुमची नाही. त्याच्यासाठी पेढी पाहावी लागंल. चला.’

मोर्णा नदीचा पूल ओलांडून आम्ही जुन्या शहरात शिरलो. मी भूगोलाचा मास्तर असल्यानं पत्ता शोधायचं काम माझ्याकडे आलं आणि आम्ही एकाच मशिदीसमोरून तीनदा गेलो. शेवटी मुलीनं एका बांगडीवाल्याला विचारलं आणि त्यानं समोर बोट दाखवलं. माझी पेढी! एक अरुंद दुकान, एक शिलाई मशीन, आणि तिच्यामागे पांढऱ्या दाढीचे चाचा एका शेरवानीला काज करत बसलेले.

‘चाचा,’ साळा म्हणाला, ‘इथं लोखंडाची...’

चाचांनी सुई खाली ठेवली. ‘फिर आ गए? अरे बावा, लोहे के नाम पे मेरे पास ये कैंची है और ये सुई है. दोनों ले जाओ, लेकिन मले काम करू द्या!’

‘फिर म्हणजे? आधी कोणी आलं होतं?’

‘टॅक्सवाले आए थे ना! बोले, यहाँ भंगार की पेढी है, माल किधर है. मैंने ये चिंध्यांची थैली दाखोली. बोले, इसका मालक किधर है,’ आणि त्यांनी माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, घेतलं. ‘मैंने बोला, साहब, मिलेगा तो मेरे को भी बताना. मले बी त्याले भेटाचं हाय.’

‘चाचा,’ मी म्हणालो, ‘तो मीच.’

चाचा उठले. कपाळावरचा चष्मा नाकावर घेऊन त्यांनी मला पायांपासून वरपर्यंत न्याहाळलं. अंगावरचं माप घेतल्यासारखं.

‘तुमी? तुमी मेरे किराएदार?’

‘नाही हो! मी कोणाचाच कोणी नाही!’

‘कागज पे तो मैंने तुमको दुकान किराए से देली हाय. मेरी साइन बी हाय. साहब ने मोबाइल में दिखाया. इतनी सुंदर साइन तो मले बी येत नाई!’

हळूहळू उलगडा झाला. काही महिन्यांपूर्वी एक माणूस गल्लीत आला होता. लाइटचं बिल अर्ध्यावर आणून देतो, सौरऊर्जेची योजना आहे, फक्त बिलाचा फोटो आणि आधार द्या, म्हणाला. चाचांनी दिलं. त्या बिलावर त्यानं माझ्या पेढीचा पत्ता उभा केला होता.

‘अनजान आदमी को कायले देलं, चाचा?’ साळ्यानं विचारलं.

‘अदब से बोलता था ना. एक-एक बात में चाचाजान, चाचाजान. मेरे सगे भतीजे बी इतना नहीं बोलते.’

‘मला जवाईबापू म्हणाला,’ मी म्हणालो.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मी चाचांकडे, आणि आम्ही दोघं असे हसत सुटलो की बांगडीवाला दुकान सोडून बघायला आला. मुलगी मात्र हसत नव्हती. ती म्हणाली, ‘चाचा, टॅक्सवाल्यांनी लिहून नेलं होतं का, की इथं भंगार नाही म्हणून?’

‘हो तर! पंचनामा केला. बांगडीवाल्यानं बी साइन केली.’

साळ्यानं टाळी वाजवली. ‘झालं! सरकारच्याच कागदावर आहे की पेढी नाही!’

चाचांना मुलीनं थोडक्यात सांगितलं की तिचं काय अडलंय. त्यांनी शेरवानी घडी करून ठेवली आणि शटर ओढलं. ‘चलो. ढोरं-बकऱ्याची डॉक्टर रोज-रोज नहीं मिलती. मेरी बी तक्रार लिखवानी हाय.’

अकोल्यातल्या ठाण्यात निरीक्षक बाई होत्या. या कलमांचा तपास निरीक्षकाच्या खालचा माणूस करत नाही, हे साळ्यानं मला वाटेत मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, जणू ती सोय त्यानंच करून ठेवली होती. बाईंनी आमची वरात पाहिली.

‘पेढीचे मालक कोण?’

‘मी. म्हणजे मी नाही.’

‘अन् तुम्ही?’

‘मैं घरमालक. लेकिन दिया नहीं.’

बाईंनी पेन खाली ठेवलं. ‘न घेतलेल्या जागेचा भाडेकरू अन् न दिलेल्या जागेचा मालक. दोघं एकाच रिक्षात आले काय?’

‘हो,’ आम्ही दोघं एकदम म्हणालो.

त्या हसल्या आणि लिहून घ्यायला लागल्या. मी सुरुवात धामणगावच्या मांडवापासून केली. मांडव कोणत्या रंगाचा होता, जावयांना कोणत्या बाजूला बसवलं, वांग्याच्या भाजीत तेल किती होतं.

‘सर,’ त्या म्हणाल्या, ‘जेवणाचं नंतर. आधी आकडे त्याले वाचून कोणी दाखवले ते सांगा.’

‘मीच.’

‘जोरात?’

‘जोरातच.’

त्यांनी ते लिहिलं. माझ्या मूर्खपणाची अशी सरकारी नोंद झाली, पण गुन्हाही नोंदवला गेला आणि एफआयआरची प्रत त्यांनी स्वतःहून हातात दिली. ती फुकट मिळते. बाहेर आल्यावर साळ्याचा चेहरा जरासा उतरला होता. ‘लगेच घेतली हो,’ तो म्हणाला. मॅजिस्ट्रेटसमोरचं त्याचं भाषण वाया गेलं. तो तोतया अजून सापडलेला नाही, तपास चालू आहे, आणि माझ्यासोबत डोळे मिचकवणाऱ्या त्या दोन जावयांनाही आम्ही त्याच संध्याकाळी फोन करून सावध केलं. त्यातल्या एकाची नागपुरात फरशीची पेढी निघाली. मला उगाच आपली मोठी वाटली.

शुक्रवारी अकोल्याच्याच जीएसटीच्या करखात्यात गेलो. तिथल्या अधिकाऱ्यानं एफआयआर पाहिला, अर्ज घेतला, आणि सांगितलं की पेढीची नोंदणी पहिल्या दिवसापासूनच रद्द करता येते, पण त्याला नोटीस वगैरे काढावी लागते, वेळ लागेल. ‘सोमवारपर्यंत?’ मुलीनं विचारलं. तो कसनुसा हसला. पण पंचनाम्याची शिक्का मारलेली प्रत त्यानं दिली, आणि रद्द करण्याची कारवाई सुरू केल्याचं पत्रही दिलं. अमरावतीच्या करसल्लागारानं आयकराच्या पोर्टलवर ‘ही माहिती माझी नाही’ असं माझ्या वतीनं नोंदवलं आणि विवरणपत्र पेढीशिवाय भरलं. भरताना त्यानं मला एकही प्रश्न विचारला नाही. मुलीलाच विचारले.

सोमवारी सकाळी उपविभागीय कार्यालयाच्या व्हरांड्यात आम्ही तिघं सगळ्यांच्या आधी उभे होतो. साळा येणार होता, पण त्याला त्या दिवशी कोर्टात तारीख लागली. खरोखरचा दुसरा पक्षकार. मला त्याचा अभिमान वाटला आणि गैरसोयही झाली.

अधिकारी तरुण होता. त्यानं सगळे कागद शांतपणे पाहिले, मान हलवली, आणि म्हणाला, ‘ठीक आहे. पगार आणि शेतीशिवाय तुमचं दुसरं उत्पन्न नाही, असं प्रतिज्ञापत्र माझ्यासमोर द्या. मग मी पाहतो.’

मी पेन घेतलं. खोलीतल्या घड्याळाकडे मुलगी पाहत होती, हे मला दिसत होतं. पेन हातात आलं आणि माझंही अर्धं लक्ष त्या घड्याळाकडे गेलं, तसं सहीतलं आडनाव दुसऱ्या ओळीवर उतरलं. अधिकाऱ्यानं ती सही पाहिली. मग पॅनवरची पाहिली. मग पंचनाम्याला जोडलेल्या पेढीच्या भाडेकरारावरची, त्या तोतयानं केलेली, पाहिली. त्या दोघी जुळ्या बहिणी होत्या. तोतयानं पॅनवरूनच गिरवली असणार. माझी तिसरी, कोणत्या गावची कोण जाणे.

‘सर,’ तो म्हणाला, ‘कागदावर तर तोच खरा दिसतो.’

मुलीनं माझा शर्ट मागून धरला.

‘साहेब, मीच खरा आहे,’ मी म्हणालो. पण हे वाक्य उच्चारल्यावर माझं मलाच ते खोटं वाटलं. कोणताही तोतया हेच म्हणाला असता.

‘मला तसं वाटतं हो. पण प्रतिज्ञापत्रावर ओळख पटवणाऱ्याची सही घेतो मी. वकील आहेत का सोबत?’

‘ते अकोल्यात आहेत.’

‘मग दुसरं कोणी? तुम्हाला चांगलं ओळखणारं?’

मी मागे वळून पाहिलं. बायको भिंतीशी, पिशवी दोन्ही हातांनी धरून उभी होती. अधिकाऱ्यानं तिला पुढे बोलावलं.

‘ताई, तुमचं आधार दाखवा. हे कोण?’

‘आमचे मालक.’

‘यांना ओळखता?’

‘वळखते.’

‘मग इथे सही करा. याचा अर्थ, हा माणूस तोच आहे याची जबाबदारी तुमची.’

तिनं पेन घेतलं. कागदावर टेकवलं. आणि ती थांबली. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, नीट, शांतपणे, बाजारात कैरी दाबून पाहताना पाहते तसं. माझ्या कपाळापासून बुटांपर्यंत. बाहेर रांगेतलं कोणीतरी खोकलं. मुलीनं माझा शर्ट इतका ओढला की वरचं बटण गळ्याशी आलं. मी हसायचा प्रयत्न केला, मग वाटलं हसताना मी वेगळा दिसतो, म्हणून गंभीर झालो. मग तेही वेगळंच वाटलं. शेवटी तिनं मान खाली घातली आणि सही केली. ठसठशीत, एका ओळीत.

दुपारी दाखला निघाला. मुलीनं तो तिथेच व्हरांड्यात पायरीवर बसून फोनवरून प्रवेशाच्या संकेतस्थळावर चढवला. गोल गोल फिरणारं ते चक्र आम्ही तिघं डोकी जुळवून पाहत होतो. ते थांबलं, हिरवी खूण आली, आणि मुलीनं अशी किंकाळी फोडली की झाडाखालचा अर्ज लिहिणारा माणूस उठून उभा राहिला. ती आईच्या गळ्यात पडली, मग माझ्या पडली, मग अकोल्याला मामाला फोन लावत, चाचांनाही सांगायला सांगत फाटकाकडे पळाली.

आम्ही दोघं मागून चालत निघालो. माझे पाय जमिनीवर नव्हते. मी बायकोला विचारलं, ‘सही करायच्या आधी एवढी थांबली काहून होती?’

‘विचार करून राहिली होती.’

‘कायचा?’

‘म्हटलं, नाई वळखत म्हटलं तर सरकारी कागदावर सुटका हाय. बाईले असा चान्स जलमात एकदाच भेटते.’

‘मंग?’

तिनं पिशवी माझ्या हातात दिली. ‘मंग पोरीकडे पायलं. म्हटलं, जाऊ दे, इचा दाखला अडन. म्हनून वळखलं तुमाले.’